शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रं ऐकायची तर आधी जागा, मग वेळ, मग तार आणि शेवटी रेडिओ

नवा रेडिओ मागवायच्या आधी घरात पडून असलेल्या रेडिओत ताजे सेल घाला आणि अंधार पडल्यावर तासाभराने गच्चीवर जा. दिवाणखान्यात ज्या काट्यावर नुसती खरखर होती, त्याच काट्यावर चिनी, अरबी, फारसी बोलणं सापडायला लागतं. शॉर्टवेव्ह बंद पडली असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या घरात ती पोचतच नसते. स्लॅब आणि भिंतींतल्या सळया सिग्नल अडवतात आणि जो थोडाफार आत येतो तो बल्ब-चार्जरच्या गोंगाटात बुडतो. म्हणून पहिला खर्च पैशांचा नाही, शोधाशोधीचा आहे.

घरातला गोंगाट शोधणं

रेडिओ सेलवरच चालवा. चार्जर लावून शॉर्टवेव्ह ऐकणं म्हणजे गिरणीत बसून सतार ऐकणं. अँटेनाची दांडी पूर्ण बाहेर काढा, 31 मीटर बँडमध्ये (9,400 ते 9,900 किलोहर्ट्झ) एकही केंद्र नसलेली जागा शोधा आणि आवाज वाढवून ठेवा. आता घरच्यांना सांगून मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली आली तर चोर घरातच आहे. मग सगळे एमसीबी खाली करून मेन स्विच चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला खरखर परत येईल, त्या खोलीतली एकेक वस्तू काढून पाहा.

थोड्या सरावाने नुसत्या आवाजावरून वस्तू ओळखता येते. स्वस्त एलईडी बल्ब अख्ख्या बँडभर बारीक गुणगुण पसरवतो. मोबाइलचा चार्जर किंवा राउटरचा अ‍ॅडॅप्टर काटा फिरवताना ठरावीक अंतराने घरघरणारे उंचवटे देतो. पंख्याचा गोल फिरणारा, डिमरसारखा रेग्युलेटर करवतीसारखा खरडतो. तो काढून टप्प्याटप्प्याने वळणारा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा त्रास संपतो. बीएलडीसी पंखे, इन्व्हर्टर एसी आणि छतावरच्या सोलर पॅनलचा इन्व्हर्टर हे नवे पाहुणे आहेत. त्यातला सोलरवाला फक्त उन्हात बोलतो, त्यामुळे रात्री तपासणी केली तर तो सुटून जातो.

जी वस्तू बदलता येत नाही तिच्या वायरीवर फेराइटचं, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय पदार्थाचं कडं बसवा. इथे हमखास चूक होते: चिमट्यासारखं कडं वायरीवर एकदा अडकवलं आणि फरक पडला नाही म्हणून लोक ते फेकून देतात. शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सीला एक वेढा फार थोडा अडथळा करतो. कड्याचा अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चार वेढे घातले तर साधारण सोळापट. मोठ्या भोकाचं कडं घ्या, वायर पाच-सहा वेळा ओवून घ्या आणि कडं वस्तूच्या जवळ ठेवा, प्लगच्या जवळ नाही.

मेन स्विच बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजाऱ्यांची किंवा रस्त्यावरच्या दिव्यांची आहे. त्यावर उपाय घरात नाही, बाहेर टाकायच्या तारेत आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

घड्याळ आणि वेळापत्रक

जगभरची केंद्रं वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. हिशेब सोपा आहे, पण तारखेत सगळे अडकतात. यूटीसी 18:30 नंतर आपल्याकडे दुसरा दिवस सुरू झालेला असतो. रविवारी 19:00 यूटीसीचा कार्यक्रम आपल्याला रविवारची मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर, रात्री साडेबाराला ऐकायचा असतो. फक्त रविवारी होणारा कार्यक्रम हुकतो तो यामुळेच. ऐकण्याच्या जागी एक स्वस्त घड्याळ यूटीसीवर लावून ठेवा, डोक्यात वजाबाकी करत बसू नका.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ‘ए’ हंगाम आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ‘बी’ हंगाम. त्या दिवशी कितीतरी केंद्रं एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर जातात, काहींची वेळही तासाने सरकते. इंटरनेटवर सापडलेली यादी कोणत्या हंगामाची आहे हे पाहिल्याशिवाय काटा फिरवू नका. जुन्या याद्यांत अजूनही रेडिओ नेदरलँड्स (2012 मध्ये शॉर्टवेव्ह बंद), रेडिओ ऑस्ट्रेलिया (31 जानेवारी 2017 ला बंद) आणि बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा (जानेवारी 2020 अखेर बंद) सापडतात आणि नवा श्रोता रात्र रात्र त्यांना शोधत बसतो.

भरवशाच्या दोन याद्या आहेत आणि दोन्ही फुकट मिळतात: केंद्रांच्या फ्रिक्वेन्सींचा मेळ घालणाऱ्या एचएफसीसी (HFCC) या समन्वय संस्थेची आणि ईबी (EiBi) या नावाने ओळखली जाणारी. ईबीची यादी झटपट पाहायला चांगली. एचएफसीसीची यादी पहिल्यांदा पाहिली की नुसते आकडे दिसतात, पण खरा माल तिथेच आहे. तिच्यात चार रकाने पाहायचे. पहिला सीराफ विभागाचा. जग विभागांत वाटलेलं आहे आणि भारत 41 मध्ये येतो. रकान्यात 41 असेल तर तो झोत आपल्यासाठी सोडलेला आहे. दुसरा शक्तीचा, किलोवॅटमध्ये. तिसरा दिशेचा, उत्तरेपासून अंशांत. चौथा वारांचा, आणि त्यात 1 म्हणजे रविवार, सोमवार नव्हे.

दिशेचा रकाना का महत्त्वाचा ते एका उदाहरणावरून पाहू. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलचे प्रक्षेपक 300 किलोवॅटचे आहेत. बुखारेस्टहून मुंबई सुमारे 5,100 किलोमीटर आणि दिशा साधारण 108 अंश. त्यांचा एखादा कार्यक्रम 100-110 अंशांवर सोडलेला असेल तर गच्चीवर साध्या दांडीवरही तो मिळण्याची चांगली आशा असते. तेच केंद्र, तेवढीच शक्ती, पण दिशा 300 अंश असेल, तर झोत पश्चिम युरोपकडे गेला. आपल्या वाट्याला त्याची पाठ येते. ऐकू आलं तर आनंद, नाही आलं तर दोष रेडिओचा नाही.

केंद्राच्या देशावरून अंतराचा अंदाज बांधू नका. परदेशी केंद्रं आपले कार्यक्रम दुसऱ्या देशातून सोडतात. बीबीसीचं एक मोठं प्रक्षेपण केंद्र ओमानमध्ये अस-सीला इथे आहे, मुंबईपासून अरबी समुद्रापलीकडे फक्त 1,400 किलोमीटरवर. चायना रेडिओ इंटरनॅशनलचे दक्षिण आशियासाठीचे अनेक कार्यक्रम काशगरहून निघतात आणि म्हणून ते स्थानिक केंद्रासारखे खणखणीत लागतात. नवशिक्याने पहिली शिकार त्यांचीच करावी.

कोणत्या वेळी कोणता बँड

बँड ओळखीसाठी, किलोहर्ट्झमध्ये:

49 मीटर: 5,900 ते 6,200
41 मीटर: 7,200 ते 7,450
31 मीटर: 9,400 ते 9,900
25 मीटर: 11,600 ते 12,100
19 मीटर: 15,100 ते 15,800
16 मीटर: 17,480 ते 17,900
13 मीटर: 21,450 ते 21,850

जुन्या रेडिओच्या काचेवर फक्त मीटर लिहिलेले असतील तर 3,00,000 ला किलोहर्ट्झने भागा. 9,600 म्हणजे 31.25 मीटर.

शॉर्टवेव्ह आकाशातल्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातल्या विद्युतभारित थरांवरून परतून येते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा डी थर तयार असतो आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि खालचे बँड उघडतात. वरच्या फ्रिक्वेन्सीचं उलट: रात्री वरचा थर पातळ होतो आणि त्या परत न येता आरपार निघून जातात. म्हणून दुपारी 49 मीटर आणि मध्यरात्री 13 मीटर ऐकायला बसणं बहुधा फुकट जातं. महाराष्ट्र-गोव्यात सकाळी सहा ते आठ 41, 31 आणि 25 मीटर, दिवसा 19, 16 आणि 13, संध्याकाळी 25, 31 आणि 19, रात्री 49, 41 आणि 31 असा क्रम धरा. वेळ एकच देता येत असेल तर संध्याकाळी सहा ते रात्री नऊ द्या. त्या वेळी युरोपात अजून दिवस असतो, पूर्वेकडे रात्र झालेली असते, आणि दोन्ही बाजूंची केंद्रं एकाच बैठकीत मिळतात.

कोणता बँड उघडा आहे हे पाहायला एक चांगली युक्ती: 5,000, 10,000 आणि 15,000 किलोहर्ट्झवर जा. तिथे वेळेचे ठोके देणारी केंद्रं असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा चीनमधलं बीपीएम लागतं. सेकंदासेकंदाला टिक् टिक्, आणि तास व अर्धा तास भरण्याच्या आधीच्या मिनिटाला मोर्समध्ये नाव आणि चिनी बोलणं. 10,000 वर ठोके स्पष्ट असतील तर 31 मीटरवर पूर्वेकडची केंद्रं नक्की शोधा.

एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि पावसाच्या तोंडावर खालच्या बँडवर कडकड सतत येते. ती शेकडो किलोमीटरवरच्या विजांचीही असते, तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे बँड सर्वांत शांत. आणि भर दिवसा सगळी शॉर्टवेव्ह अचानक गप्प झाली तर रेडिओ उघडू नका. सूर्यावर मोठा भडका झाला की उजेडाच्या बाजूचा डी थर दाट होतो. काही मिनिटांपासून तासाभरात सगळं परततं, वरचे बँड आधी.

तार

दांडीवर समाधान होईनासं झालं की 7 ते 10 मीटर तार टाका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 7/36 ची (36 गेजच्या सात बारीक तारांची) प्लास्टिकची वायर मागा. तांब्याची जाड तार घेण्याची गरज नाही, ऐकण्यासाठी जाडीने फरक पडत नाही. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधा आणि गच्चीच्या कठड्यापासून दूर, पाण्याच्या टाकीच्या खांबापर्यंत ताणा. विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नका. तुटली तर ती त्यांच्यावर पडता कामा नये, एवढं अंतर हवं.

तारेचं टोक क्रोकोडाइल क्लिपने दांडीला लावलं की झालं, असं वाटतं. होतंही, पण दोन अडचणी येतात. पहिली, लहान रेडिओ एवढा सिग्नल पेलत नाही. जवळचं मीडियमवेव्ह केंद्र सगळीकडे ऐकू यायला लागतं, केंद्रं एकमेकांत मिसळतात. तेव्हा ‘लोकल’ बटण दाबा, किंवा क्लिप थेट न लावता तारेचे चार-पाच वेढे दांडीभोवती गुंडाळा. दुसरी, तार घरात येताना घरातलाच गोंगाट उचलते.

या दुसऱ्या अडचणीवर खरा उपाय म्हणजे तारेच्या तोंडाशी, गच्चीवरच, एक लहान ट्रान्सफॉर्मर आणि तिथून खाली कोअ‍ॅक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी, मधे गाभा आणि भोवती जाळी असलेली). एफटी-114-43 हा फेराइटचा गोल गाभा घ्या. त्यावर एनॅमलच्या तारेचे 15 वेढे घाला. त्याचं एक टोक अँटेनाच्या तारेला, दुसरं अर्थला. शेजारी वेगळे 5 वेढे घाला आणि त्यांची दोन टोकं केबलच्या गाभ्याला आणि जाळीला जोडा. तीनास एक वेढे म्हणजे नवास एक रोध. लांब तारेचा काहीशे ओहमचा रोध त्यामुळे 50 ओहमच्या केबलजवळ येतो. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना कुठेही जोडू नका. जोडल्या तर केबलच्या जाळीवरून घरातला गोंगाट सरळ तारेत चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. केबल आरजी-58 उत्तम, टीव्हीची आरजी-6 पण चालते. सगळं प्लास्टिकच्या डबीत घालून भोकं खाली ठेवा, पावसाळा आहे.

अर्थ म्हणून घरातल्या प्लगची अर्थ वापरू नका, तिच्यातच गोंगाट असतो. अंगण असेल तर मीटर-दीड मीटरची सळई ओल्या जमिनीत ठोका. फ्लॅट असेल तर अर्थच्या टोकाला 5 मीटर तार लावून ती कठड्यालगत जमिनीवर सोडा, काम भागतं.

ढग गडगडायला लागले की तार रेडिओपासून सोडवा आणि घराबाहेर ठेवा. वीज पडायचीच गरज नाही. कोरड्या वाऱ्यातही तारेवर विद्युतभार साठतो आणि पोर्टेबल रेडिओच्या तोंडचा नाजूक ट्रान्झिस्टर जाळतो. त्यानंतर रेडिओ चालू राहतो, फक्त बहिरा होतो, आणि कारण कळत नाही. तार आणि अर्थ यांच्यामध्ये 1 लाख ओहमचा रोध कायम लावून ठेवला तर हा भार हळूहळू निचरत राहतो. विजेपासून मात्र तो वाचवत नाही.

आता रेडिओ

डिजिटल ट्यूनिंग हवंच. केंद्रं बहुतेक 5 किलोहर्ट्झच्या पटीत बसतात: 9,735, 9,740. आकडा दिसत नसेल तर यादीचा उपयोगच नाही. टेकसन पीएल-380 तीन साध्या सेलवर चालतो आणि सुरुवातीला पुरतो. पुढे जायचं तर एसएसबी (सिग्नलची वरची किंवा खालची एकच बाजू ऐकायची सोय) असलेला घ्या: टेकसन पीएल-330, पीएल-680 किंवा एक्सएचडेटा डी-808. पीएल-330 आणि पीएल-680 मध्ये सिंक्रोनस डिटेक्शनही आहे.

याचा उपयोग कुठे? लांबचं केंद्र मधेच फाटल्यासारखं, पाण्यात बोलल्यासारखं होतं. एकाच केंद्राचा सिग्नल दोन वाटांनी येतो आणि त्यातला वाहक, म्हणजे आवाज वाहून आणणारी मूळ लहर, क्षणभर नाहीसा होतो. सिंक त्या जागी स्वतःचा वाहक घालतो आणि शब्द परत उभे राहतात. तो नसेल तर एसएसबीवर जा, शिट्टी पूर्ण नाहीशी होईपर्यंत बारीक काटा फिरवा आणि वरची किंवा खालची जी बाजू स्वच्छ असेल ती ऐका. शेजारचं केंद्र आत घुसत असेल तर फिल्टर 6 वरून 3 किलोहर्ट्झवर आणा. आवाज बोदा होतो, पण नाव कळतं.

स्वस्त, एकेरी रूपांतराच्या (आलेली फ्रिक्वेन्सी आत एकदाच बदलून घेणाऱ्या) रेडिओत भुतं, म्हणजे केंद्रांच्या खोट्या प्रती, दिसतात. 455 किलोहर्ट्झच्या मधल्या फ्रिक्वेन्सीमुळे जोरदार केंद्र खऱ्या जागेच्या 910 किलोहर्ट्झ खालीही बोलतं. 10,830 वर कोणी सापडलं तर आधी 11,740 तपासा.

केंद्र ओळखणं

तास भरण्याच्या पाच मिनिटं आधी फ्रिक्वेन्सीवर हजर राहा. बहुतेक राष्ट्रीय केंद्रं कार्यक्रमाआधी आपली ओळखधून वाजवतात, मग नाव सांगतात. आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांची धून आपल्या कानात आहेच. व्हॅटिकन रेडिओची ‘ख्रिस्तुस विंचित’ ही धून तितकीच ठसठशीत. रेडिओ न्यूझीलंडची ओळख बेलबर्ड पक्ष्याच्या हाकेची आहे. ते केंद्र महाराष्ट्रापासून 12 हजार किलोमीटरहून लांब आहे आणि आपल्यासाठी सोडलेलं नसतं. ती हाक इथे ऐकू आली तर तारीख-वेळ लगेच लिहून ठेवा.

भाषा ओळखीची नसली तरी नाव ऐकायचा कान तयार होतो, कारण नाव बातम्यांच्या आधी आणि शेवटी संथपणे सांगतात. भारतीय भाषा लागली म्हणून केंद्र भारतातलं असं समजू नका. शॉर्टवेव्हची ही जुनी रीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून बीबीसी आणि जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ, दोन्हीकडून मराठीत बातम्या येत होत्या.

एकाच चिनी कार्यक्रमाने अनेक फ्रिक्वेन्सी व्यापल्या असतील, आणि खाली दुसरा आवाज दबलेला असेल, तर ते जॅमिंग, म्हणजे ते केंद्र ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम केलेला अडथळा आहे. 10 किलोहर्ट्झ रुंद, कडेला एकदम तुटणारा एकसुरी फुसकारा म्हणजे डीआरएम, डिजिटल प्रसारण. तो साध्या रेडिओवर उलगडत नाही.

ऐकल्याचा रिपोर्ट

रेडिओ रोमानियासारखी केंद्रं ऐकल्याचा नीट रिपोर्ट पाठवला तर पोचपावतीचं कार्ड, म्हणजे क्यूएसएल, पाठवतात. ईमेल चालतो. रिपोर्टात हे हवं: यूटीसीतली तारीख आणि वेळ, फ्रिक्वेन्सी, तुमचं गाव, रेडिओ, अँटेना, आणि किमान 20-30 मिनिटांतलं काय काय ऐकलं ते मिनिटांसकट. ‘बातम्या आणि संगीत’ एवढं कुणीही न ऐकता लिहील. ‘17:02 मथळे, स्त्रीचा आवाज, 17:09 शेतीवर मुलाखत, 17:16 व्हायोलिनवर लोकधून’ असं लिहा.

दर्जा सिनपो या पाच आकड्यांत देतात: सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा त्रास, गोंगाट, चढउतार आणि एकूण. 5 म्हणजे उत्तम, 1 म्हणजे वाईट. केंद्राला खूश करायला 55555 लिहू नका. त्यांच्या तांत्रिक विभागाला 35333 जास्त कामाचं असतं, कारण त्यावरून पुढच्या हंगामाची फ्रिक्वेन्सी ठरवायला मदत होते. शेवटचा आकडा आधीच्या चारांतल्या सर्वांत वाईट आकड्यापेक्षा फार वर जाऊ शकत नाही. गोंगाट 2 आणि एकूण 5 असं पाहिलं की वाचणाऱ्याला कळतं. सोबत मिनिटभराचं ध्वनिमुद्रण जोडा.

केंद्र खरंच हवेत आहे का, हे पाहायला नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर किंवा जगभरचे किवीएसडीआर हे दूरच्या ठिकाणी बसवलेले रिसीव्हर इंटरनेटवर वापरता येतात. त्यावर ऐकून मग आपल्या गच्चीवर शोधलं की यादी चुकली की आपला कान, हे लगेच ठरतं. फक्त रिपोर्ट पाठवताना तिथे ऐकलेलं सांगलीत ऐकलं म्हणून लिहू नका. त्या रिसीव्हरचं ठिकाण स्पष्ट लिहा, काही केंद्रं तोही रिपोर्ट घेतात.